यंत्राने लिहिले, पण सही कोणाची?

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठच्या रस्त्याला तिथले लोक कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. संध्याकाळ झाली की सगळे शहर इथे लोटते. फेऱ्या मारणारे आजी-आजोबा, गुपचुपच्या गाडीभोवती जमलेली कॉलेजची मुले, फुग्यासाठी हट्ट धरून बसलेली पोरे. गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरी. तलावापासून जरा पुढे मोठा रस्ता लागतो आणि त्याच्या कडेने दुकानांची रांग सुरू होते.

या रांगेत सिमेंट, सळया आणि टाइल्सचे एक दुकान आहे, अशी कल्पना करावी. मालक मराठी. आजोबा नागपूरहून आले तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. १९५६ साली प्रांतरचना बदलली, पण घरातली भाषा आणि दुकानाची पाटी बदलली नाही. गल्ल्यावर वडील बसतात, खाली उतरून माल पाहण्याचे काम मुलाकडे आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी तीस वर्षे तेच मुनीमजी.

एके दिवशी मुलगा मोबाइल पुढे करतो.

“बाबा, बघा तरी! ठेकेदाराला द्यायचं कोटेशन. मुनीमजींना तासभर लागतो, याने अर्ध्या मिनिटात केलं. भाषा तर अशी झकास, की मोठ्या कंपनीने लिहिल्यासारखी!”

वडील चष्मा लावून वाचतात. खरेच झकास आहे. मनात विचार येतो, मग मुनीमजींना उद्यापासून काय काम द्यायचे?

मुनीमजी मात्र कागद हातात घेतात आणि शांतपणे म्हणतात, “भैया, सिमेंट पर अट्ठाईस परसेंट लगा दिया है। अब तो अठारह है ना?”

दुकानात क्षणभर शांतता पसरते.

मुनीमजींचे बरोबर असते. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सळयांवरचा १८ टक्के होता तेवढाच राहिला. यंत्राने मात्र जुन्या वाचनाच्या बळावर जुनाच दर ठोकून दिला, तोही तितक्याच ऐटीत. हिशेब करून पाहावा. करापूर्वी ३०० रुपयांची एक गोणी धरली, तर २८ टक्क्यांनी ८४ रुपये कर होतो, १८ टक्क्यांनी ५४. गोणीमागे ३० रुपयांचा फरक, म्हणजे ५०० गोण्यांच्या कोटेशनमध्ये १५ हजारांची चूक. ठेकेदार शहाणा असेल तर शेजारच्या दुकानात जाईल. चुकून त्याने बिल भरलेच, तर जादा वसूल केलेला कर सरकारजमा करावा लागेल आणि बाजारात नाव जाईल ते वेगळेच.

हे दुकान कल्पनेतले असले, तरी त्यातला पेच खरा आहे. आज छोट्यामोठ्या प्रत्येक व्यावसायिक घरात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच ‘एआय’, पाहुणी म्हणून शिरली आहे. तिला घरात कोणती जागा द्यायची, हे मात्र अजून ठरायचे आहे.

दाराशी आलेले यंत्र

रायपूरकरांना हा विषय दूरदेशीचा राहिलेला नाही. तेलीबांध्याहून पुढे विमानतळाच्या दिशेने गेले की नवा रायपूर हे आखीव-रेखीव नवे शहर लागते. तिथे सेक्टर २२मध्ये ३ मे २०२५ रोजी छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णु देव साय यांच्या हस्ते एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. रॅकबँक या इंदूरच्या कंपनीचा हा प्रकल्प. सुमारे साडेतेरा एकर जागा आणि एक हजार कोटी रुपयांची गुंतवणूक असा त्याचा आराखडा जाहीर झाला. खास एआयसाठी उभारले जाणारे हे देशातले पहिलेच पार्क, असे त्या वेळी सांगण्यात आले. सुरुवात ५ मेगावॉट क्षमतेने करून पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची योजना मांडली गेली.

डेटा सेंटर म्हणजे काय, असा प्रश्न घरातल्या आजींनी विचारला तर सोपे उत्तर देता येईल. मोबाइलवर आपण प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर मोबाइलमध्ये तयार होत नाही. ते दूर कुठेतरी, रात्रंदिवस चालणाऱ्या हजारो संगणकांच्या कोठारात तयार होते. त्या संगणकांना वीज भरपूर लागते आणि ते तापू नयेत म्हणून गारवाही लागतो. या कोठाराचे माप मेगावॉटमध्ये सांगतात ते त्यामुळेच. विजेच्या बाबतीत छत्तीसगड समृद्ध आहे. कोरब्याचा कोळसा आणि तिथली वीजकेंद्रे देशाला ठाऊक आहेत. पूर्वी विजेच्या आणि कच्च्या मालाच्या ओढीने सिलतरा-उरल्यात पोलादाचे कारखाने आले, आता त्याच विजेच्या ओढीने संगणकांची कोठारे येऊ लागली आहेत.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पोलादाच्या कारखान्यात माणसे लागतात, तितकी अशा कोठारात लागत नाहीत. एकदा ते उभे राहिले की मोजके तंत्रज्ञ, विजेची देखभाल करणारे कामगार आणि पहारेकरी यांच्यावर ते चालते. त्यामुळे ‘आपल्या गावात एआय आले, आता पोराला नोकरी लागणार’ असे गणित घाईने मांडू नये. खरा लाभ किंवा तोटा कोठाराच्या भिंतीआड ठरणार नाही. बाजारपेठेतल्या शेकडो दुकानांत आणि कार्यालयांत या यंत्राचा वापर कसा होतो, त्यावर तो ठरेल.

फुकट का मिळते?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये लोकांसमोर आले तेव्हा ते हौशी लोकांचे खेळणे वाटले. पुढच्या तीन वर्षांत चित्र पालटले. जानेवारी २०२५मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने, आपण कमी खर्चात तसेच यंत्र बनवल्याचे सांगितले आणि अमेरिकेच्या शेअरबाजारात हलकल्लोळ माजला. एआयला लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ६०० अब्ज डॉलरने घसरले. त्याच वर्षी भारतात फुकटची लाटच आली. एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटीची वर्षभराची सेवा मोफत देऊ केली, जिओने गूगलच्या जेमिनीची दीड वर्षाची, तर ओपनएआयने चॅटजीपीटीची एक योजना वर्षभरासाठी विनामूल्य केली.

भारतीय घरांना हा अनुभव नवा नाही. २०१६ साली जिओने इंटरनेट आधी फुकट दिले, मग सवय लागली आणि आज मोबाइलचा रिचार्ज हा महिन्याच्या खर्चातला पक्का आकडा झाला आहे. वापर जरूर करावा, पण फुकटची मुदत संपल्यावर काय, हेही मनाशी ठरवून ठेवावे. दुकानाची वही, ग्राहकांची यादी आणि दरपत्रक आपल्या संगणकात आपल्या ताब्यात असले, तर उद्या एक सेवा महाग झाली तरी दुसरीकडे जाता येते. सगळेच एका परक्या यंत्राच्या पोटात टाकले, तर मात्र पुढे तो मागेल तो भाव द्यावा लागेल.

वाचलेले फार, पाहिलेले काहीच नाही

हे यंत्र इतके हुशार असूनही असे चुकते का? त्याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज ते बांधते आणि शब्दाला शब्द जोडत उत्तर तयार करते. ज्याने ग्रंथालये वाचून काढली, पण गोदामात कधी पाऊल टाकले नाही, असा हा मुनीम! पत्र लिहायला त्याच्यासारखा कोणी नाही. मात्र काल बदललेला दर त्याला ठाऊक असेलच असे नाही, आणि ठाऊक नसताना ‘मला माहीत नाही’ म्हणण्याची सवयही त्याला कमीच.

माणूस चुकताना चाचरतो, नजर चुकवतो, आवाज खाली आणतो. अनुभवी मालकाला त्यावरूनच संशय येतो. यंत्र खरे आणि खोटे एकाच सुरात सांगते. नव्या यंत्रांपैकी काही उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोध घेतात, त्यामुळे चुका कमी होतात, पण संपत नाहीत.

यंत्राकडून करून घेण्याजोगी कामे त्यावरून सहज ओळखता येतात. तगाद्याचे सौम्य पत्र, माल उशिरा आल्याची तक्रार, इंग्रजी करारातील किचकट कलमाचा मराठीत अर्थ, तीन पुरवठादारांच्या भावांचा तक्ता, दुकानाच्या जाहिरातीचा मजकूर ही कामे ते उत्तम करते, कारण निकाल बरोबर की चूक हे मालकाला एका नजरेत कळते. जिथे निकाल आपल्याला तपासता येत नाही, तिथे यंत्राच्या हाती लेखणी देणे धोक्याचे.

न्यायालये काय म्हणतात?

यंत्राची चूक कोणाच्या माथी, या प्रश्नाला आता न्यायालयांतून उत्तरे मिळू लागली आहेत.

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कंपनीचे प्राप्तिकराचे प्रकरण आले. कंपनीने आपले उत्पन्न सुमारे ३ कोटी ९ लाख रुपये दाखवले होते, खात्याने ते सुमारे २७ कोटी ९१ लाख ठरवले. त्या आदेशात आधार म्हणून तीन निवाडे दिले होते. शोध घेतला तर ते निवाडे कुठेच सापडेनात! मुळात तसे निवाडे कधी झालेच नव्हते. शिवाय पुरवठादाराने खात्याला दिलेले उत्तरही विचारात घेतलेले नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठवले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या माहितीवर फार विसंबले जाते, पण ती वापरण्यापूर्वी पडताळून पाहिलीच पाहिजे, अशी समजही न्यायालयाने दिली.

दुसरी घटना कॅनडातील. घरात मृत्यू झालेल्या एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राला शोकप्रसंगीच्या सवलतीविषयी विचारले. आधी तिकीट काढा, सवलतीचा अर्ज नंतर केला तरी चालेल, असे यंत्राने सांगितले. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हता. तक्रार लवादापुढे गेली तेव्हा कंपनीने अजब बचाव केला. यंत्र हे जणू स्वतंत्र व्यक्ती असून त्याच्या बोलण्याची जबाबदारी त्याचीच, असा! फेब्रुवारी २०२४मध्ये लवादाने तो फेटाळला आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर देण्याचा हुकूम केला. रक्कम लहान, पण धडा मोठा. दुकानाच्या नावाने यंत्र जे बोलेल, ते दुकानदारानेच बोलल्यासारखे आहे.

नोकऱ्यांचे काय?

मध्यमवर्गीय घरात एआयचा विषय निघाला की आईच्या तोंडी पहिला प्रश्न हाच असतो. पोरगा पुण्याला आयटीत आहे, मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांचे पुढे कसे?

काळजी निराधार नाही. जुलै २०२५मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि पुण्या-मुंबईतील कितीतरी मराठी घरांची झोप उडाली. कारण एआय नसून कौशल्ये आणि कामे यांचा मेळ बसत नाही हे आहे, असे कंपनीने सांगितले. मात्र कोणती कौशल्ये चालेनाशी होत आहेत, याचा बोध लोकांनी घ्यायचा तो घेतलाच.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने २०२४च्या सुरुवातीला मोठ्या अभिमानाने सांगितले की, आपले संवादयंत्र ७०० कर्मचाऱ्यांइतके काम करते. २०२५च्या मे महिन्यात त्याच कंपनीच्या प्रमुखाने सेवेचा दर्जा घसरल्याचे कबूल केले आणि ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात केली. माणसे काढणे सोपे असते. त्यांच्याबरोबर गेलेली माहिती परत आणणे कठीण.

आपल्याकडे १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला तेव्हा केवढा विरोध झाला होता! संगणक आले, खतावण्या लिहिण्याचे काम गेले, टायपिस्ट दिसेनासे झाले. एसटीडीचे बूथ तर आले आणि गेलेही. तेलीबांध्यातून पूर्वी धमतरीची छोटी गाडी जायची. ते रूळ उखडले गेले, त्या वाटेवर एक्सप्रेस-वे झाला. प्रवासी मात्र संपले नाहीत, त्यांनी वाहन बदलले. कामाचेही तसेच होते. फरक एवढाच, की वाहन बदलताना काहींची गाडी चुकते, आणि ज्यांची चुकते त्यांच्या घरात ‘शेवटी सगळे ठीक होते’ या वाक्याने चूल पेटत नाही.

शिकाऊ पोर कुठे शिकणार?

यातला सर्वांत खोल प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. मुनीमजींनी एका नजरेत २८ टक्क्यांची चूक पकडली, ती कशी? तीस वर्षे त्यांनी हाताने बिले लिहिली म्हणून. पहिल्या वर्षी त्यांच्याही चुका झाल्या असतील, मालकाच्या वडिलांनी कान पिळले असतील. त्यातूनच ती नजर तयार झाली.

आता नवशिक्याचे काम यंत्र करणार. साधी पत्रे, साधे हिशेब, पहिला कच्चा मसुदा, सगळे अर्ध्या मिनिटात. मग आजच्या बावीस वर्षांच्या मुलाची नजर कशी तयार होणार? आणि वीस वर्षांनी मुनीमजी नसतील, तेव्हा यंत्राची चूक पकडणार कोण?

म्हणून मुलामुलींना दोन गोष्टी सांगाव्यात. एआय शिकाच, टाळू नका. नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीत तर डेटा सायन्स आणि एआय ही बी.टेक.ची शाखाच आहे. पण त्याआधी ज्या विषयात काम करायचे, तो विषय यंत्राविना पक्का करा. बी.कॉम.च्या मुलीने काही महिने तरी रोजकीर्द आणि खतावणी स्वतः लिहावी, मेळ बसत नसेल तर चूक स्वतः शोधावी. उद्या मसुदा लिहिणाऱ्याला भाव राहणार नाही. मसुद्यातले खोटे ओळखणाऱ्याला मात्र राहील.

दुकानदाराने काय करावे?

पहिली गोष्ट, आकडा, दर, तारीख आणि कायद्याचे कलम यंत्राकडून घेतले तर ते सरकारी संकेतस्थळावर किंवा आपल्या कर सल्लागाराकडे पडताळल्याशिवाय कागदावर येऊ देऊ नये.

दुसरी, ग्राहकांचे आधार कार्ड, बँक खाते, फोन नंबर असलेले कागद कोणत्याही संवादयंत्रात टाकू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. आजच सवय लावलेली बरी.

तिसरी, आवाज आणि चेहरा यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०२४च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका बड्या कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. पडद्यावरचे ते सगळे वरिष्ठ बनावट निघाले! पुरवठादाराने खाते बदलल्याचा निरोप आला, तर आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करावी, मगच पैसे सोडावेत. फसगत झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

चौथी, यंत्र आणल्याबरोबर माणूस काढू नये. निदान वर्षभर दोघांना शेजारी बसवावे. मुनीमजींचा लिहिण्याचा वेळ वाचेल, तो उधारीच्या वसुलीत आणि तपासणीत लावावा. कोणता ठेकेदार दिवाळीनंतरच पैसे देतो, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून या महिन्यात तगादा लावू नये, हे कुठल्याही कोठारातल्या संगणकाला ठाऊक नाही.

आणि पाचवी, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर एका जित्याजागत्या माणसाची सही असावी. सही करणाऱ्याने तो कागद वाचलेला असावा.

तेलीबांध्याच्या त्या दुकानात याचा उलगडा फार सोप्या रीतीने होऊ शकतो. मुलगा दर दुरुस्त करून कोटेशन पुन्हा काढतो. वडील ते मुनीमजींकडे सरकवतात. मुनीमजी ओळ न ओळ बोटाने वाचतात, एका ठिकाणी सळयांचे वजन ताडून पाहतात आणि मग खिशातले पेन काढतात.

“मुनीमजी,” वडील म्हणतात, “उद्यापासून याला शेजारी बसवून घ्या. यंत्र कसं चालवायचं ते हा तुम्हाला शिकवेल. यंत्र कुठे चुकतं ते तुम्ही याला शिकवा.”

तासाभराचे काम दहा मिनिटांत झालेले असते. कागद मात्र तपासून, सहीनिशी बाहेर पडतो.